वर ससाणे, खाली तांबडी

तारीख २९ ऑक्टोबर. रक्कम रुपये सातशे, रोख. देणार मी, घेणार बस्त्याव. हजर माणसं तीन : मी, बस्त्यावमामा आणि गावडे गुरुजी. ठिकाण, मालवणच्या उत्तरेला समुद्रावर आलेलं सड्याचं टोक. कारण : एक तांबडी गावठी कोंबडी, वय दीड वर्ष, अंड्यावरची. ती माझ्या पाखरांनी खाल्ली, असा बस्त्यावमामांचा आरोप होता.

"माझ्या पाखरांनी" हे शब्द त्यांचे. माझ्याकडे पाखरं नाहीत. मी ती फक्त मोजते.

आधी मी सोळा वर्षं एका पतसंस्थेची रोजची वसुली करत होते. दुकानोदुकानी फिरायचं, वीस-पन्नास रुपये घ्यायचे, पावती फाडायची. मग ते काम मोबाईलवर गेलं आणि मी घरी आले. त्याच सुमाराला पुण्याच्या एका पक्षी-अभ्यास संस्थेला आमच्या किनाऱ्यावर स्थलांतर करणारे शिकारी पक्षी मोजायला माणूस हवा होता. पिंगुळीचे गावडे गुरुजी, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, त्यांना पक्ष्यांची ओळख उत्तम. ते आमच्या घरी आले आणि म्हणाले, "पाखरां वळखूक मी शिकवतंय. मोजूक तू ये. माका मोजणी जमणा नाय."

ते खरंच बोलले होते. पक्षी एवढासा ठिपका असताना ते नाव सांगतात. पण आकडा विचारला की म्हणतात, "आभाळभर!"

"म्हणजे किती, गुरुजी?"

"दीड-दोन हजार."

"दीड की दोन?"

"अगो, चित्रात पाखरां काढताना कोण मोजता काय?"

काम असं आहे. दसरा झाला की उत्तरेकडचे शिकारी पक्षी दक्षिणेला निघतात. आधी मधुबाज आणि भोवत्या, आणि ऑक्टोबर संपता संपता अमूर ससाणे. हे ससाणे पुढे समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातात. पक्षी कबुतराएवढा, बरोबर सामान काही नाही. आमच्या घरातल्यांना कुडाळला जायचं असेल तर दोन दिवस आधीपासून पिशवी शोधावी लागते.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. उन्हं वर आली की दगड तापतो, त्यावरची हवा तापून उठते आणि पक्षी तिच्यावर पंख न हलवता गोल गोल चढतात. याला आम्ही भोवरा म्हणतो. नवीन माणूस भोवऱ्यातच मोजायला लागतो आणि फसतो, कारण एकच पक्षी सात वेळा समोरून जातो. भोवऱ्यात मोजायचं नाही. वर पोचले की ते एकामागून एक ओळीने सुटतात, तेव्हा मोजायचं. त्यासाठी दोन खुणा धरायच्या. आमच्या खुणा म्हणजे मोबाईलचा टॉवर आणि बस्त्यावमामांचा सगळ्यात उंच माड. त्या दोहोंमधून दक्षिणेला गेला तो अधिक एक, परत फिरला तो वजा एक. गर्दी झाली तर दहा-दहाचा गठ्ठा नजरेने उचलायचा.

मोजायला मुठीत बसणारं छोटं यंत्र असतं. अंगठ्याने दाबलं की आकडा वाढतो. नामजपाला वापरतात तेच. पहिल्या वर्षी गवत कापायला आलेल्या एका आजीने मला पाहिलं. डोळे आकाशाकडे, ओठ हलताहेत, अंगठा चाललाय. तिने डोक्यावरचा भारा खाली ठेवून मला नमस्कार केला. चार दिवसांनी ती केळीचा घड घेऊन आली, नातवाच्या नोकरीसाठी मी काही शब्द टाकावा म्हणून. मी तिला सगळं समजावलं आणि घड परत दिला. गुरुजी दिवसभर माझ्याशी धड बोलले नाहीत. "नोकरी ऱ्हवांदे," ते संध्याकाळी म्हणाले, "निदान चार केळी तरी ठेवन घेवची होती."

अशी गिऱ्हाइकं पुष्कळ. देवबागहून पाण्यातले खेळ खेळून पर्यटक तसेच ओल्या कपड्यांनी यायचे आणि विचारायचे, शो किती वाजता आहे? एकाने लाइफ जॅकेट इथेही घालावं लागतं का, असं विचारलं. आणि आमच्या वाडीचा जनू. जनूचा धंदा सांगायचा तर मटक्याचे आकडे लावणे. त्याला कळलं की सड्यावर एक बाई रोज आकडा काढते, खरा, कुणाचं न ऐकता. रोज साडेचारला तो सड्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, येऊन बसायचा.

"वयनी, आज आकडो काय इलो?"

मी तीनशे सत्तेचाळीस म्हटलं की तो सत्तेचाळीस लावायचा. एकदा दिवसभर ढग होते. एक पक्षी गेला नाही.

"शून्य," मी म्हटलं.

"शून्य कसा चलात, वयनी? एक तरी लिव! खयचो कावळो बिवळो धर!"

मी धरला नाही. त्या रात्री म्हणे शून्य-शून्यच आला. आणि जनूने रागाने काही लावलंच नव्हतं. चार दिवस तो माझ्यासमोरून मान फिरवून गेला.

आता बस्त्यावमामा. सड्याचं ते टोक त्यांच्या मालकीचं. भोवती त्यांच्या आजोबांनी रचलेला दगडी गडगा, त्यात आत जायला एक वाट. खालच्या उतारावर त्यांचं घर. मामा तरुणपणी जहाजावर स्वयंपाकी होते, आता सत्तरी ओलांडली आहे. त्यांची बायको रोजामावशी घर, बाग आणि मामा सांभाळते. कोंबड्या दिवसभर सड्यावर चरतात. तेवीस होत्या. २८ तारखेच्या संध्याकाळी बावीसच घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा काठी टेकत वर आले.

"गो सुलभा, तुजी पाखरां काय खातत?"

"किडे खातत, मामा. वाळये, चतुर. मधुबाज गांधीलमाशांची पोळी खातत."

"आणि माजी तांबडी कोणी खाल्ल्यान?"

"मुंगूस असात. कोल्हो असात."

"चाळीस वर्सां हय मुंगूस आसा. चाळीस वर्सां कोल्हो आसा. तुमी इलास आणि तांबडी गेली."

गुरुजींनी मध्ये पडायला नको होतं. ते म्हणाले, "अरे बस्त्याव, ससाणो कबुतराएवढो. तो कोंबडी उचलतलो कसो?"

"एकटो कशाक उचलीत? काल तूच आराडत होतस मा, हजार इले, हजार इले म्हणान? हजारांनी मिळान एक कोंबडी उचलूक जड काय?"

"हजार नाय, चारशे बारा," मी म्हटलं. चुकीचा आकडा माझ्याने ऐकवत नाही.

"मगे चारशे बारांनी मिळान," मामा म्हणाले. "बघ, तुजीच बाय सांगता."

सातशे रुपये भरपाई, नाहीतर उद्यापासून वाटेत काटी, म्हणजे काटेरी फांद्या टाकून वाट बंद, असं त्यांनी सांगितलं. माझं मानधन दिवसाला पाचशे. तरी मी पैसे का दिले, ते सांगते. पुण्याच्या संस्थेचा नियम होता की तीन हंगाम एकाच जागेवरून, एकही दिवस न चुकता मोजणी झाली तर ती जागा कायमची धरायची. एक दिवस चुकला तर केंद्र दोडामार्गाकडच्या दुसऱ्या सड्यावर न्यायचं. आमचा हा तिसरा हंगाम होता. दोडामार्गाबद्दल माझं काही वाईट मत नाही, पण रोज तिकडे जाऊन संध्याकाळच्या भाकऱ्यांना परत येणं मला शक्य नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला हे काम दुसऱ्या कुणाला द्यायचं नव्हतं. सोळा वर्षं मी लोकांच्या गल्ल्यात बघितलं होतं. इथे वर बघायला मिळत होतं, आणि कुणी "उद्या ये" म्हणत नव्हतं.

मामांनी नोटा उजेडात धरून पाहिल्या, खिशात घातल्या आणि पुढची अट सांगितली. मोजायचीच हौस आहे ना, तर कोंबड्याही मोजायच्या. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. आणखी एक जरी कमी झाली तरी पैसे नकोत, बोलणं नको, सरळ वाटेत काटी.

कोंबड्या मोजणं ससाण्यांपेक्षा कठीण आहे, हे मी अनुभवाने सांगते. ससाण्याला आफ्रिकेला जायचं असतं. कोंबडीला कुठेच जायचं नसतं. ती दगडामागे जाते, परत येते, दुसरीच्या अंगावरून उडी मारते आणि मोजणाऱ्याकडे संशयाने बघते. एका संध्याकाळी एकवीसच भरल्या. मी आणि गुरुजी सगळा सडा पालथा घालून आलो. मामा खालून हाका मारत होते, "किती गो? किती?" शेवटी बाविसावी माझ्या स्कूटरच्या डिकीत सापडली. झाकण उघडं राहिलं होतं आणि ती माझ्या डब्यावर बसली होती. मी खाली ओरडले, "बावीस!"

तिन्ही वेळचा कोंबड्यांचा आकडा मी रोजच्या तक्त्यात "इतर" या रकान्यात लिहीत असे. कुठेतरी लिहायलाच हवा होता. दहा-बारा दिवसांनी पुण्याहून मॅडमचा फोन आला. आवाजात उत्साह होता.

"सुलभाताई, तुमच्याकडच्या एका नोंदीबद्दल आम्ही सगळेच बोलतोय. हा पक्षी सकाळी बावीस, दुपारी बावीस, संध्याकाळी बावीस. वारा फिरला, ढग आले, तरी बावीस! इतका स्थिर थवा आम्ही पाहिलेला नाही. 'कोंबडी' हे तिथलं स्थानिक नाव असेल ना? कोणत्या पक्ष्याचं?"

"कोंबडीचंच, मॅडम."

मग त्यांनी विचारलं की या कोंबड्या स्थलांतर करतात का. मी म्हटलं, एकीने केलं असा मालकांचा दावा आहे आणि त्याचीच चौकशी चालू आहे.

१९ नोव्हेंबर. तीन दिवस जमिनीकडून वारा होता आणि ससाणे येणार हे गुरुजी आदल्या दिवसापासून सांगत होते. अकराच्या सुमाराला उत्तरेकडे धुरासारखं काही दिसलं. भोवरा. मग त्याच्या मागे दुसरा, तिसरा. वरून ओळ सुटली ती संपेचना. गुरुजी टोपी काढून ओरडले, "लाख! लाख!" मी त्यांना गप्प राहायला सांगून दहा-दहाचे गठ्ठे उचलू लागले. टॉवर, माड, टिक. टॉवर, माड, टिक. असा दिवस हंगामात एकदाच येतो आणि तेव्हा मान खाली घातलेली चालत नाही. माझ्या उजवीकडे, सावलीला, मामा दगडावर बसले होते. कोंबड्यांच्या दुपारच्या मोजणीवर देखरेख करायला ते रोजच लवकर येऊन बसत.

"गो सुलभा!" मामा किंचाळले. "खाली बघ!"

"मामा, आता नाय. वर बघतंय."

"वरची मरांदेत! माजी तांबडी इली गो! पिल्लां घेवन इली!"

माझ्या पायाला काहीतरी मऊ लागलं. चिवचिव ऐकू आली. करवंदीच्या जाळीतून तांबडी बाहेर पडली होती आणि सगळं बिऱ्हाड घेऊन माझ्या दोन चपलांमधून चालली होती. तीन आठवडे ती जाळीत अंड्यांवर बसली होती, आमच्यापासून वीस पावलांवर. आम्ही तिघं तिथेच उभे राहून ती कुणी खाल्ली यावर भांडलो होतो.

मी मान खाली घातली नाही. टॉवर, माड, टिक. पण मामा मोजायला लागले, आणि तेही मोठ्याने.

"एक, दोन, तीन, चार... अरे, ह्यां मोजलंय. एक, दोन, तीन... फिरतत रे मेली! एक, दोन..."

कान बंद करता येत नाहीत. माझा गठ्ठा सुटला. अंगठा थांबला, किती गेले काही कळेना. वरून ओळ वाहतच होती.

"मामा!" मी वर बघतच ओरडले. "भोवऱ्यात मोजू नका! ओळीन जावक देवा, मगे मोजा! दोन खुणा धरा!"

"खयच्यो खुणा?"

"माझी छत्री आणि पाण्याची बाटली! त्या दोगांच्या मदसून जाय तो अधिक एक!"

आणि मामा गप्प झाले. मी पुढचे गठ्ठे उचलले, शंभर, दोनशे, तीनशे. मग खालून अगदी हळू, देवळात बोलावं तसा आवाज आला. तांबडी पुढे, मागे पिल्लांची ओळ, छत्री आणि बाटली यांच्यामधून दक्षिणेला चालली होती, आणि मामा बोट उचलून म्हणत होते, "अधिक एक... अधिक एक... ह्यां मागे फिरला, वजा एक... अधिक एक."

ओळ संपली तेव्हा वर चार हजार सहाशे चाळीस ससाणे झाले होते आणि खाली अकरा पिल्लं. मी पाणी प्यायले. गुरुजी म्हणाले, मधल्या वेळचे पाचशे धर. मी धरले नाहीत. तक्त्यात लिहिलं : "सुमारे दोन मिनिटे मोजणी नाही. कारण : कोंबडी." ते दोन मिनिटांचे ससाणे अजून माझ्या मनात आहेत. किती होते ते आता कुणीच सांगू शकत नाही.

मग मी मामांना म्हटलं, "सातशे रुपये परत देवा."

"पैशे कित्याक?" मामा म्हणाले. "तू भरपाई दिलंस म्हणजे कोंबडी इकत घेतलंस. ही तुजी कोंबडी. घेवन जा."

"बरां. मगे अकराय पिल्लां माजी."

"पिल्लां कशी तुजी? जागो माजो, जाळी माजी!"

"अंडी कोणाच्या कोंबडीची?"

"जमीन कोणाची?"

भांडण चांगलं रंगात आलं होतं. आवाज ऐकून रोजामावशी हातातलं सूप घेऊनच वर आली. तेवढ्यात डाव्या बाजूच्या काजूवरून काहीतरी राखी सटकन खाली आलं, पिल्लांच्या ओळीतलं शेवटचं उचललं आणि काजूमागे गेलं. शिक्रा, छोटा शिकारी पक्षी. इथलाच, बारा महिने त्याच काजूवर राहणारा.

मी आणि मामा एकाच वेळी बोललो. मी म्हटलं, "तुमचां पिल्लू गेलां!" मामा म्हणाले, "तुजां पिल्लू गेलां!"

रोजामावशीने आमच्या दोघांकडे बघितलं. "काय चल्लाहा?"

गुरुजींनी सांगितलं. तांबडी, आरोप, सातशे रुपये.

"खयचे सातशे?" रोजामावशी म्हणाली.

मामा एकदम रिकाम्या आकाशात ससाणे शोधायला लागले. तेव्हा मला कळलं की कोंबड्या पहिल्यापासून रोजामावशीच्या आहेत. तिने त्या स्वतःच्या पैशाने घेतल्या, वाढवल्या, आणि तांबडी खुडूक होऊन जाळीत बसली आहे हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रोज पहाटे ती तिला जाळीत दाणे टाकून यायची. मामांना सांगितलं नाही, कारण मामा जाळीत हात घालून अंडी काढतात आणि ऑम्लेट करतात. जहाजावरची सवय.

"माका कोणी इचारल्यान?" ती म्हणाली. "माका इचारलां असता तर सांगलां नसता काय?"

हे अगदी खरं होतं. मोजणारी मी, तीन आठवडे मोजत होते, आणि विचारलं कुणालाच नव्हतं.

वाट बंद होणार नाही, असं मावशीने तिथेच सांगितलं. ही वाट तिच्या कोंबड्यांची आहे, काटी घातली तर त्या येणार कुठून? पुढे हंगाम ३० नोव्हेंबरला एकही दिवस न चुकता पुरा झाला आणि जागा कायम झाली. त्या दिवशी मात्र राहिला प्रश्न शिक्र्याने नेलेल्या पिल्लाचा. मामांना तो सोडवत नव्हता.

"शिक्रो तुज्या यादीत आसा काय नाय?" त्यांनी मला विचारलं.

खोटं सांगायला आलं असतं तर मी हे काम केलंच नसतं. "यादीत आसा," मी म्हटलं. "पण तो हयचोच. बेरजेत धरणत नाय."

"यादीत आसा मा? मगे तुजो."

रोजामावशीने सूप खाली ठेवलं. "यादीत आसा, बेरजेत नाय. म्हणजे अर्धो तिचो," ती म्हणाली. "पिल्लाचे पन्नास. अर्धे पंचवीस."

बस्त्यावमामांनी खिशातून, मग दुसऱ्या खिशातून, मग टोपीतून काढून मला सातशे रुपये परत दिले. त्यातले काही सुटे होते, मी मोजून घेतले. अर्ध्या पिल्लाचे पंचवीस रुपये मी दिले. मामांनी हात पुढे केला होता, पण पैसे मी रोजामावशीकडे दिले.